पिकअप कॉर्नरला का थांबवली?

पत्र (थोडक्यात): मी एकोणीस वर्षांची आहे. निफाड तालुक्यात आमचं गाव, तीन एकर द्राक्षबाग. नाशिकला एस. वाय. बी.कॉम.ला आहे, गंगापूर रोडला हॉस्टेलवर राहते. कॉलेजात सात जणांचा एक ग्रुप आहे, त्यांना सगळे ओळखतात. पहिल्या वर्षी खूप खटपट करून मी त्यांच्यात शिरले. पप्पांचा ‘एक्सपोर्टचा बिझनेस’ आहे असं सांगितलंय. मेसशिवाय घरून महिन्याला तीन हजार येतात, ते सगळे पैसे कॅफेत जातात. बोलताना ‘पानी’ निघू नये म्हणून वाक्य आधी मनात म्हणून बघते. आमच्याच तालुक्यातली एक मुलगी वर्गात आहे. ग्रुपमध्ये तिच्या बोलण्याची नक्कल होते तेव्हा मीही हसते. मागच्या फेब्रुवारीत पप्पा पिकअपमधून द्राक्षांचा क्रेट द्यायला आले, तर मी त्यांना हॉस्टेलच्या गेटवर येऊ दिलं नाही, कॉर्नरला थांबवलं. ते काही बोलले नाहीत. आता डिसेंबरात गॅदरिंग आहे. ग्रुपमध्ये असूनही मला कॉन्फिडन्स का येत नाही? अजून पॉप्युलर झाले तर येईल का?

उत्तर:

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकू. नाही येणार. गॅदरिंगला पहिल्या रांगेत नाचलीस, इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर दुप्पट झाले, तरी नाही येणार.

कारण तुझ्याच पत्रात आहे. त्या सात जणांनी जिला आपलं म्हटलंय, तिचे वडील एक्सपोर्टचा बिझनेस करतात आणि ती चुकूनही ‘पानी’ म्हणत नाही. तिचं कौतुक झालं तर ते तिच्या खात्यावर जमा होतं. तुझ्या खात्यावर रोज एकच नोंद पडते : ‘आजही कळलं नाही, वाचले.’ वाचल्यावर सुटल्यासारखं वाटतं खरं, पण त्याने हिंमत वाढत नाही, उद्याची धास्ती तेवढी वाढते. त्यात जितके जास्त लोक ओळखायला लागतील तितक्या जास्त लोकांपासून लपवावं लागेल. म्हणून पहिल्या वर्षापेक्षा आज तुला जास्त भीती वाटत असणार.

पप्पांच्या प्रसंगावरून तुला बोल लावण्यात अर्थ नाही. तू तो दोन ओळींत लिहिलास, कुठलीही सबब न देता, आणि ‘ते काही बोलले नाहीत’ हेही लिहिलंस. त्याकडे शेवटी येऊ. आधी बाकीची कामं आहेत.

‘पॉप्युलर’ या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी कोंबल्या गेल्यात. एक म्हणजे ज्याचं नाव चालतं तो. दुसरा, ज्याच्या शेजारी बसायला आवडतं तो. मानसशास्त्रात हे दोन्ही वेगवेगळे मोजतात. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांना दोन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारले, तर ज्यांना वर्ग ‘पॉप्युलर’ म्हणत होता त्यातले बहुतेक जण ‘मनापासून आवडणाऱ्यां’च्या यादीत वर नव्हते. उलटही तसंच. हे तू स्वतः दहा मिनिटांत तपासू शकतेस. वहीच्या पानावर मध्ये रेघ मार. डावीकडे वर्गात ज्यांचं नाव चालतं अशी आठ नावं. उजवीकडे, मेसमध्ये एकटी जेवत असताना ज्यांनी समोर ताट घेऊन यावं असं तुला वाटतं, अशी आठ. दोन्हीकडे आलेल्या नावांना गोल कर. मग बघ, आपण दीड वर्षं घाम कुठल्या यादीसाठी गाळला.

आता तुझी वाक्य मनात म्हणून बघण्याची सवय घेऊ, कारण सगळ्या दुखण्याची मेख तिथे आहे. बोलायच्या आधी तू वाक्य मनात म्हणतेस, ‘ण’ नीट येतोय का बघतेस, मग बोलतेस, बोलून झाल्यावर कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटलं का ते पाहतेस. तेवढ्यात गप्पा दोन वाक्यं पुढे गेलेल्या असतात. तुझं निम्मं लक्ष सतत आत, स्वतःच्या आवाजावर. समोरच्याला काय दिसतं? ही उशिरा बोलते, अर्धवट ऐकते, स्वतःचं काही सांगत नाही. तुला गावाकडची म्हणून कुणी ओळखणार नाही कदाचित, पण ‘जरा भाव खाते’ असं मात्र वाटू शकतं. लपवण्यासाठी केलेल्या गोष्टीनेच माणूस दूर जातो, तो असा.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये लोकांसमोर वाटणाऱ्या भीतीची जी मांडणी केली, तिच्यात अशा सवयींना फार महत्त्व आहे. सोप्या भाषेत त्यांना ताईत म्हणू. ताईत बांधून फिरलं आणि काही वाईट घडलं नाही, की श्रेय ताइताला जातं. ‘मी तपासून बोलले म्हणून कुणी हसलं नाही.’ न तपासता बोलले असते तरी कदाचित कुणी हसलं नसतं, हे कळायला मार्गच राहत नाही, कारण ताईत काढून कधी पाहिलेलंच नसतं.

तेव्हा पहिला आठवडा फक्त ताईत मोजायचे. बदल काही करायचा नाही. तुझ्या पत्रातच आम्हाला दोन दिसले : वाक्य घोटून घेणं आणि नक्कल झाली की सगळ्यांबरोबर हसणं. आणखीही असतील. दुसरे जे मागवतील तेच मागवणं, शांतता पडली की मोबाइल काढणं, फोटो टाकण्याआधी दोघींना दाखवणं, आईचा फोन आला की गच्चीवर जाऊन बोलणं. मोबाइलच्या नोट्समध्ये दिवसाच्या शेवटी नुसत्या काड्या मार, कुठला किती वेळा. सात दिवसांनी तुझ्यापुढे यादी असेल. तिच्यातला एकेक ताईत काढून बघायचा, त्यालाच आपण प्रयोग म्हणू.

प्रयोगासाठी वेगळी छोटी वही कर, दोनशे पानी नको, खिशात मावेल अशी. प्रत्येक प्रयोगाला एक पान. प्रयोगाच्या आधी तीन गोष्टी लिहायच्या : मी नेमकं काय करणार, काय होईल अशी भीती आहे आणि ती किती टक्के खरी वाटते, शंभरपैकी ताण किती. करून झाल्यावर दोन : काय घडलं, आणि आता ती भीती किती टक्के खरी वाटते. एक पान असं दिसेल —

काय करणार : बुधवारी कॅफेत ‘आज मी फक्त चहा घेते’ एवढंच म्हणणार.
भीती : सगळे खेचतील, पुढच्या वेळी बोलावणार नाहीत. ८० टक्के.
ताण : ४०.
काय घडलं : एकीने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, बरी आहे. मग विषय सबमिशनवर गेला. शुक्रवारी ग्रुपवर मेसेज आला, येतेस का.
आता भीती : ३०.

‘काय घडलं’ हा रकाना फसवा असतो. तिथे कॅमेऱ्यात दिसलं असतं आणि माइकमध्ये ऐकू आलं असतं तेवढंच लिहायचं. ‘त्यांना मी कंजूस वाटले’ हे कॅमेऱ्यात दिसत नाही, सरळ खोडून टाक. बहुतेकांची वही बिघडते ती इथेच. निरीक्षणाच्या जागी निकाल लिहिला जातो, आणि निकाल आधीच ठरलेला असतो.

सुरुवात ताण तीस-चाळीस असेल तिथून कर. चहा हा चांगला पहिला प्रयोग आहे, पैशाच्या दृष्टीनेही. आठवड्याला चार वेळा कॅफे धरलं, दर खेपेला दीडशे ते दोनशे, म्हणजे महिन्याचे साधारण तीन हजार, बरोबर तुझे सगळे पैसे. बागेचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि दुकानदाराची औषध-खतांची उधारी आधी फिटते, हे तुला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ‘आज मी फक्त चहा घेते.’ एका वाक्यात थांब. कारण देऊ नकोस, कारण दिलं की त्यावर घासाघीस सुरू होते : ‘अगं मी भरते’, ‘नंतर दे’. कुणी खरंच भरायला निघालं तर, ‘नको गं, चहाच हवाय.’ हेच वाक्य दुसऱ्यांदा, त्याच आवाजात.

त्यानंतर चढणीने असे येऊ दे : सगळ्यांना आवडलेल्या एखाद्या रीलवर किंवा सिनेमावर ‘मला नाही आवडला’ म्हणून एक खरं कारण सांगणं; फोटो कुणालाही न दाखवता टाकणं; हॉस्टेलच्या खोलीत दार उघडं ठेवून आईशी घरच्यासारखं बोलणं; गप्पांमध्ये एक वाक्य न घोटता बोलणं. ग्रुपसमोर बागेचा विषय काढणं सत्तरच्या घरात असेल, ते पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या आधी नको. प्रत्येक पायरी निदान तीनदा करायची. एकदा जमलं तर मन म्हणतं नशीब होतं. तिसऱ्यांदा म्हणता येत नाही.

हे करताना घसरायला होतं कुठे, तेही सांगून ठेवतो. एक ताईत काढताना माणूस नकळत दुसरा बांधतो : ‘मला नाही आवडला’ म्हणायचं आणि लगेच हसून ‘जस्ट जोकिंग’ जोडायचं. तो प्रयोग धरायचा नाही, परत करायचा. दुसरं, प्रयोगाचं यश त्यांच्या प्रतिक्रियेवर मोजू नकोस. ‘मी बोलले आणि त्यांनी मला आणखी जवळ केलं’ असा हिशेब ठेवलास तर पुन्हा त्यांच्याच दारात उभी राहशील. ठरवलं ते केलं का, एवढंच मोज. तिसरी घसरगुंडी उलट दिशेची, आणि ती हल्ली फार दिसते : ‘मी ही अशीच आहे, पटलं तर बघा’ म्हणत वाट्टेल ते बोलत सुटणं. तो उद्धटपणा आहे आणि त्याच्याही मुळाशी लक्ष वेधून घेणंच असतं. चौथी रात्रीची. दिवे गेले की दिवसभराचं बोलणं पुन्हा चालू होतं, ‘मी तसं का म्हटलं’. त्याला दहा मिनिटं दे, वहीचं पान भर, वही बॅगेत टाक. अंथरुणात चाललेला कीस वहीत उतरत नसेल तर त्यात नवी माहिती काही नाही, एवढं समजून चाल.

आता ‘पानी’. कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला, तरुण मुलांना घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट चढवून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांचा अंदाज, निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असणार. प्रत्यक्षात लक्षात आलं होतं साधारण चौघांतल्या एकाच्या. अंगभर टी-शर्टची ही गत, तुझा ‘पानी’ तर अर्ध्या सेकंदाचा.

तरी ‘सगळी भीती तुझ्या मनातच आहे’ असं आम्ही म्हणणार नाही. तुमच्या ग्रुपमध्ये नक्कल होते, ती तू डोळ्यांनी पाहिलीस. तेव्हा चौघांतला एक हसलाच तर काय करायचं याची तयारी हवी. ‘हो, आमच्याकडे पानीच म्हणतात,’ आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुढे चालू. त्यांच्यात सामील होऊन हसायचं नाही, चिडायचंही नाही, बोलीभाषेवर व्याख्यान तर नकोच. हे वाक्य खोलीत मोठ्याने दहा वेळा म्हण. वाक्य तोंडात बसलेलं असलं की ऐनवेळी शोधावं लागत नाही. चेष्टेला खुराक लागतो तो चेहरा पडण्याचा. तो मिळाला नाही तर दोन-तीन खेपांत ती आटते, बहुतेक वेळा.

आणि एक फरक नीट लक्षात घे. व्हायवाला, प्रेझेंटेशनला, मुलाखतीला प्रमाण मराठी किंवा इंग्रजी बोलणं हा खोटेपणा नव्हे. ज्वारीच्या शेतात एक अवजार, बागेत दुसरं, तसं ते आहे. स्वतःला एवढंच विचार : मी भाषा बदलली ती समोरच्याला नीट कळावं म्हणून, की त्याने मला ओळखू नये म्हणून? पहिल्यासाठी खुशाल बदल.

‘एक्सपोर्ट’चं काय करायचं? सगळ्या ग्रुपला बोलावून कबुली द्यायची नाही. सात जणांसमोरची कबुली म्हणजे पुन्हा एक कार्यक्रम, आणि त्यात कुणालाच धड वागता येत नाही. एकीला निवड, त्यातल्या त्यात जिच्याशी एकटीने बोलता येतं तिला. रस्त्याने चालताना सांगितलेलं बरं, समोरासमोर बसावं लागत नाही. ‘पप्पांचा एक्सपोर्टचा बिझनेस म्हणाले होते ना, तसं नाहीये. आमची तीन एकर द्राक्षबाग आहे.’ मग थांब. ही शांतता चार-पाच सेकंदांची असते आणि फार लांब वाटते. तिथे माणूस घाबरून भराभर खुलासे करायला लागतो आणि साधी गोष्ट गंभीर करून ठेवतो. ‘मग खोटं का बोललीस?’ असा प्रश्न आला तर खरं उत्तर एका ओळीचं आहे : ‘तुम्ही हसाल असं वाटलं.’ ती कदाचित दुखावेल, कदाचित इतरांना सांगेल. सांगितलं तर तुझं काम वाचलं. बहुधा ती विचारेल, द्राक्षं कधी येतात.

गावाकडची ती दुसरी मुलगी आमच्या मते या सगळ्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती आहे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग प्रसिद्ध आहेत. खोलीतले बाकीचे सगळे ठरवून रेघेची लांबी चुकीची सांगतात, तेव्हा एकटा पडलेला माणूस जवळपास तीनपैकी एका खेपेला डोळ्यांनी दिसणारं सोडून त्यांच्या सुरात सूर मिसळतो. पण त्याच खोलीत खरं बोलणारं आणखी एक, फक्त एक माणूस असलं, तर हे मिसळणं अगदी थोडं उरतं. तुला पूर्ण ग्रुप बदलायची गरज नाही. एक माणूस पुरतं. आणि ते एक माणूस बनायचं काम आधी तुझ्याकडे आहे, कारण आत्ता तिला एकटं पाडणाऱ्यांत तू आहेस.

पहिलं काम, न हसणं. हे वाटतं तितकं सोपं नाही, तोंड आपोआप वाकतं. नक्कल सुरू झाली की पाण्याची बाटली उघड आणि सावकाश एक घोट घे. पाणी पिताना हसता येत नाही. दोन-तीनदा हे जमलं की चौथ्या वेळी, ‘बास झालं रे, तेच तेच,’ आणि दुसरा विषय. आवाज कंटाळलेला असू दे, रागावलेला नको. मग शनिवारी गावी जायच्या एसटीत ती दिसेल तेव्हा तिच्या शेजारी जाऊन बस. आधी इकडचं तिकडचं, छाटणी झाली का, यंदा पाऊस कसा लांबला. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत : ‘ग्रुपमध्ये तुझी नक्कल झाली तेव्हा मीही हसले होते. चुकलं माझं.’ त्यापुढे ‘पण’ नको, ‘तू मनावर घेऊ नकोस’ही नको. ती चिडली तर तिचा हक्क आहे. माफ केलंस ना, असं विचारून तिच्यावर ओझं टाकू नकोस.

मैत्रीचा हिशेब तासांत करून बघ. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार नुसती ओळख साध्या मैत्रीपर्यंत यायला एकत्र घालवलेले साधारण ५० तास लागतात, जिवलग मैत्रीला दोनशेच्या वर. शेजारी बसून केलेल्या कामाच्या किंवा वर्गाच्या तासांचा त्यात फारसा उपयोग होत नाही, मोकळ्या गप्पांचे तास धरायचे. आठवड्याला दोन तास मिळाले तर पन्नासला पंचवीस आठवडे. म्हणजे पहिल्या वर्षी ‘माझं कुणी नाही’ असं तुला वाटलं असेल, तर तेव्हा तास भरलेच नव्हते, तुझ्यात खोट नव्हती.

म्हणून एकगठ्ठा तास जिथे मिळतात तिथे जा. तुमच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना असेलच. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असा तिचा साचा आहे. सात दिवसांत जागेपणीचे शंभर तास निघतात, आणि बहुतेक कॉलेजांची शिबिरं डिसेंबर-जानेवारीत कुठल्या तरी खेड्यात असतात. तिथे मातीच्या गोण्या भरून, विटांसारखा सांध्यावर सांधा येऊ न देता ओढ्यावर वनराई बंधारा रचायचा असतो, चुलीवर पन्नास जणांचा भात लावायचा असतो, थंडीत पाचला उठायचं असतं. शहरातली निम्मी मुलं पहिल्या दिवशी फावडं कुठून धरायचं ते शोधत असतात. तुला ते सांगावं लागणार नाही. नावनोंदणी संपली असली तरी कार्यक्रम अधिकाऱ्यांना जाऊन विचार, गळती झालेली असते. शिबिर आणि गॅदरिंगच्या तालमी एकाच आठवड्यात आल्या तर आम्ही शिबिर धरू. पण नाचायला मनापासून आवडत असेल तर नाच सोडू नकोस. तिथे फक्त एक बघ : प्रेक्षकांत ग्रुप नसता तरी नाचली असतीस का?

शिबिर नकोसं वाटलं तर नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० पासून चालू असलेलं, तिथे रोज त्याच वेळी येणारे तेच चेहरे असतात. ढोल पथकं आहेत. कुठेही जा, पण नियमित आणि ठरलेल्या वेळी.

इन्स्टाग्रामबद्दल फार लिहीत नाही. अ‍ॅप एकदम काढून टाकण्याची शपथ घेऊ नकोस, तिसऱ्या दिवशी परत येतं. नोटिफिकेशन बंद कर, दिवसातून दोनदा ठरवून बघ. लाइकचा आकडा लपवायची सोय २०२१ पासून आहे, ती सेटिंगमध्ये जाऊन चालू कर.

आरशासमोर उभं राहून ‘मी ग्रेट आहे, मी सगळ्यांना आवडते’ असं म्हणायचा सल्ला तुला कुणी तरी दिला असेल. तो सोडून दे. मानसशास्त्रज्ञ जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००९ मधल्या अभ्यासात दिसलं की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खाली आहे, त्यांना अशी वाक्यं म्हटल्यावर उलट आणखी वाईट वाटतं, कारण वाक्य म्हणता म्हणता मन विरुद्ध पुरावे काढून पुढ्यात ठेवतं. घोषणेऐवजी वहीतलं जुनं पान वाच. त्यावर आधीच्या आणि नंतरच्या टक्क्यांचे आकडे आहेत, त्यांच्याशी मनाला वाद घालता येत नाही.

एक सूचना गंभीरपणे. लोकांत जायचं म्हटलं की छाती धडधडणं, मळमळणं, त्यापायी लेक्चर बुडणं, जेवण तुटणं असं दोन-तीन आठवड्यांहून जास्त चालू असेल, किंवा आपण नसलेलंच बरं असे विचार येत असतील, तर वहीवर विसंबू नकोस. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय आहे. पहिल्यांदा जाताना सोबत कुणाला तरी ने.

राहिले पप्पा. तुझ्या चढणीवरची ही नव्वदची पायरी, म्हणून फेब्रुवारीपर्यंत थांबायला हरकत नाही. पण फोन आत्ता कर. सध्या छाटणीनंतरच्या फवारण्यांची गडबड असेल, तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर. मागचं सगळं उगाळून रडायचं नाही, त्यांना ते झेपणार नाही आणि तुलाही नाही. ‘पप्पा, या वेळी क्रेट आणाल ना, तर गेटवरच या.’ ते म्हणतील, ‘कशाला, कॉर्नरला बरं पडतं, गाडी वळवायला.’ तुझा मान राखण्यासाठी बाप असंच बोलतो. तिथे सुटका मिळाली म्हणून गप्प बसू नकोस. ‘नाही, मी वॉचमनकाकांना सांगून ठेवते, पिकअप आत लागते,’ असं म्हण, आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगून ठेव.

भरलेला क्रेट वीस किलोच्या आसपास असतो, एकटीने जिना चढून नेला तर खालचे घड दबतात. दोघींनी दोन बाजूंनी धरायचा. दुसरी बाजू धरायला खाली कुणाला हाक मारायची, ते तेवढं आधी ठरवून ठेव.